धर्मासाठी सेवा की सेवेसाठी धर्म? मराठी मुलखातले ख्रिस्ती आणि समाजसुधारणा

मृण्मयी_

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

माझ्या आजीच्या धाकट्या बहिणीला आम्ही माई म्हणायचो. सोळाव्या वर्षी कुंकू पुसलं गेलं, सासरच्यांनी माहेरी आणून सोडली. माहेरीही खाणारी तोंडं भरपूर. गावाजवळच्या मिशन दवाखान्यातल्या एका सिस्टरने तिला ठेवून घेतलं, लिहायला-वाचायला शिकवलं, मग नर्सिंग. माईने पस्तीस वर्षं बाळंतपणं केली. ती शेवटपर्यंत हिंदूच राहिली. आषाढी-कार्तिकी चुकवली नाही, गळ्यात माळ होती. पण नाताळच्या सकाळी पातळाची घडी मोडून त्या सिस्टरच्या कबरीवर फुलं ठेवायला जायची.

माई गेल्या वर्षी गेली. तेराव्याला एक भाऊ म्हणाला, "नशीब बाटली नाही. ती सगळी सेवा त्याचसाठी होती." त्यावर दुसरी बहीण तडकली, "ते लोक नसते तर माई कुणाच्या तरी चुलीपुढे राबून मेली असती." जेवणं होईपर्यंत दोघं एकमेकांशी बोलली नाहीत.

मला दोघांचंही थोडं थोडं पटलं, आणि तेच मला छळतंय. मिशनऱ्यांनी, पंडिता रमाबाईंनी, कवी नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक या पतिपत्नींनी जी कामं केली ती श्रद्धेतून आली की श्रद्धा पसरवण्यासाठी आली? आणि हे दोन वेगळे करता येतात का? अभ्यास असलेल्यांनी लिहावं, आणि घरातले अनुभव असतील तर तेही.

रानवाट

माईंना नमस्कार. बाळंतिणीला सुईणीचा हेतू विचारायला सवड नसते, एवढंच म्हणतो. बाकी वाचतोय.

पेठकर_श्री

विषय नाजूक आहे, तरी स्पष्ट लिहितो.

हेतू महत्त्वाचा असतो, कारण हेतूवर विश्वास ठेवूनच लोक आपल्या लेकीबाळी कुणाच्या हवाली करतात. रमाबाईंचंच उदाहरण घ्या. ११ मार्च १८८९ ला मुंबईत त्यांचं शारदा सदन, म्हणजे विधवा मुलींसाठी शाळा आणि वसतिगृह, सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं. धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील, या भरवशावर न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार मंडळात बसले. पुढे मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे-भांडारकर बाहेर पडले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे काही सनातनी नव्हते. त्यांनाही वाटलं की शब्द पाळला गेला नाही. ज्याच्या हाती निराधार मूल आहे, त्याने त्या मुलाच्या देवघराला हात लावू नये, असं मला मनापासून वाटतं.

दुसरं, दुष्काळ. उपाशी माणसाने भाकरीसोबत जो धर्म घेतला, त्याला 'निवड' कसं म्हणायचं?

मंजिरी_दे

@पेठकर_श्री, मुद्दा रास्त आहे, पण १८९३ चं चित्र अर्धंच आलं.

रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं ठेवायच्या. ज्या मुलींना यायचं त्या येऊन बसायच्या. सल्लागारांचं म्हणणं, दार बंद करा. रमाबाईंचं म्हणणं, माझ्या घरात मी दार लावून चोरासारखी प्रार्थना करणार नाही, आणि मुलींना त्यांचे ग्रंथ वाचायची जेवढी मोकळीक आहे तेवढीच माझ्याजवळ बसायचीही आहे. उघडं दार म्हणजे मोकळीक की आमिष, यावर आजही दोन मतं होतील. ज्या बाईने खाऊ घातलं, पांघरूण दिलं, तिचा देव पोरीला आपोआप जवळचा वाटणार. हे मी नाकारत नाही.

पण त्या सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी कोण, ते आठवा. गोदूबाई. १८९३ मध्येच त्यांचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. तीन वर्षांनी, १८९६ मध्ये, कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. मधला धागा उघड दिसतो.

आता माझं खरं म्हणणं. श्रद्धा आधी की सुधारणा आधी, याचं उत्तर रमाबाईंनी स्वतः दिलंय. इंग्लंडमध्ये वाँटेजच्या ख्रिस्ती मठातल्या भगिनींनी त्यांना फुलॅमला नेलं. तिथे 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना सन्मानाने वागवून पुन्हा उभं करण्याचं काम चालायचं. आपल्याकडे अशा बाईला कुत्र्यासारखं हाकलतात, इथे हे का नाही, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचायला मिळाला, विहिरीवरची शोमरोनी स्त्री. परजातीची, पाच नवरे झालेली, आणि येशू तिच्याकडे पाणी मागतो. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे आधी त्यांना सेवा दिसली, त्या सेवेच्या मुळाशी काय आहे हे शोधताना श्रद्धा सापडली, आणि मग त्या श्रद्धेने त्यांना केडगावच्या मुक्ती सदनापर्यंत नेलं. यात कुठला धागा कशातून उसवायचा, मला कळत नाही.

वाचक_दिगंबर

+१. जातीबाहेरच्या बाईकडे पाणी मागणं. एवढी एक गोष्ट मराठी माणसाला कळायला कसलंही भाष्य लागत नाही.

जालनेकर

पेठकरांच्या पहिल्या मुद्द्याला पुष्टी देणारी एक जुनी हकिकत सांगतो, आणि लगेच तिची दुसरी बाजूही.

१८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा. तोही मिशनऱ्यांकडे राहिला. बापाने कोर्टात दाद मागितली, मूल परत मिळालं. मग प्रश्न आला, बाटलेल्या पोराला जातीत घ्यायचं कसं? बाळशास्त्री जांभेकर त्याच्या शुद्धीसाठी उभे राहिले तर सनातन्यांनी त्यांनाच धारेवर धरलं. बारा वर्षांच्या पोराला धर्म बदलू देणं चूकच होतं, आज तर कायदाही ते मान्य करणार नाही. पण त्या पोराला घरात घ्यायला नकार देणारे कोण होते, हेही पाहावं लागतं.

आता थोरला भाऊ. नारायण शेषाद्री आमच्या जालन्याकडे आले, मांग समाजात काम केलं आणि 'बेथेल' नावाचं गाव वसवलं. शेती, विहीर, शाळा, सगळं. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं त्यांच्यासाठी एका ब्राह्मणाने गावच नवं बांधलं. बाप्तिस्म्याशिवाय त्यांच्या हातून हे झालं असतं का? माझ्या मते नाही. जात पायाला बांधलेली असती.

कृष्णाकाठ

'शुद्धी'वरून वेगळा धागा निघेल. इथे नको, ही विनंती.

सालोमी_ग

चारेक वेळा लिहून पुसलं. आता पाठवतेच.

मी चौथ्या पिढीतली ख्रिस्ती. नगर जिल्हा. आमचे पणजोबा महार. ते दुष्काळात ख्रिस्ती झाले. हो पेठकर, भाकरीसाठीच झाले असतील. घरात कुणी ते लपवत नाही. पण माझी आजी सांगायची ती गोष्ट ऐका. पहिल्या वर्षी पणजोबांना भाकरी मिळाली. दुसऱ्या वर्षी पाऊस झाला, पीक आलं, भाकरीची गरज उरली नाही. तरी ते परत गेले नाहीत, कारण मिशनच्या शाळेत त्यांच्या पोराला मास्तरने हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं होतं. भाकरी हे निमित्त झालं. ते टिकले त्या पहिल्या रांगेसाठी. उपाशी माणूस निवड करू शकत नाही, असं म्हणताना आपण त्याचं पोट बघतो, त्याचा अपमान विसरतो.

तो पोरगा, म्हणजे माझे आजोबा, पुढे शाळामास्तर झाले. गावात पाटलाच्या पोरांनाही त्यांनी शिकवलं.

आता दुसरी बाजू, ती आमच्या लोकांना आवडत नाही. ज्या देवळात मी वाढले (आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात) तिथे महार-ख्रिस्ती आणि मांग-ख्रिस्ती वेगवेगळ्या बाजूला बसायचे. कुणी नियम केला नव्हता, पण सगळ्यांना आपापली जागा ठाऊक होती. प्रभूभोजनाचा प्याला एकच, पण आधी कुणाच्या ओठाला लागायचा हे ठरलेलं. माझ्या चुलतबहिणीने मांग-ख्रिस्ती मुलाशी लग्न ठरवलं तेव्हा पाळकबुवा घरी आले, प्रार्थना केली आणि म्हणाले, "जरा समाजाचा विचार करा." समाज म्हणजे कुठला समाज, असं तिने विचारलं. त्यांना उत्तर देता आलं नाही. लग्न झालं. त्या वर्षी नाताळला आमच्या घरी निम्मेच लोक आले.

तेव्हा मृण्मयी, श्रद्धेने सुधारणा केली का? माझ्या आजोबांपुरती केली. माझ्या बहिणीच्या वेळी तीच श्रद्धा सांगणारे लोक वाटेत उभे राहिले. आणि बहीण कशाच्या जोरावर उभी राहिली? तीही गलतीकरांस पत्राचा तिसरा अध्याय उघडूनच. ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी नाही, दास-स्वतंत्र नाही, पुरुष-स्त्री नाही. ते वाक्य तिने पत्रिकेवर छापलं होतं.

पेठकर_श्री

सालोमीताई, तुमच्या पणजोबांबद्दल मी जे लिहिलं ते उथळ होतं. पहिल्या रांगेचा विचार मी कधी केला नव्हता. लिहिलंत त्याबद्दल आभार.

रानवाट

पत्रिकेवर ते वाक्य! तुमच्या बहिणीला आमच्याकडून उशिराचा आहेर.

विदर्भी_वाघिण

सालोमी, यात आणखी एक गोष्ट जोडते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान अजून बाहेरच. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढा म्हटलं, २०२२ मध्ये याच प्रश्नासाठी बालकृष्णन आयोग नेमला गेला. म्हणजे देवळात तुमची जात सगळ्यांना माहीत, आणि कचेरीत गेलात की तुम्हाला जातच नाही.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांविषयी लिहिताना चर्चला हाच जाब विचारला होता. धर्मांतराने माणसाच्या सामाजिक स्थितीत काय फरक पडला, आणि हा समाज अन्यायाविरुद्ध एकत्र उभा का राहत नाही? नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी वेगळी वाट घेतली, त्यामागच्या कारणांत हेही एक असावं असं मला वाटतं.

मीमांसक

चर्चा महाराष्ट्रातच राहावी हे मान्य, पण थोडं बाहेर गेल्याशिवाय पूर्ण उत्तर मिळणार नाही.

बायबलमध्ये दोन्ही प्रकारची वचनं आहेत. आमोस संदेष्टा म्हणतो, तुमचे सण मला नकोत, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. याकोब म्हणतो, क्रियांवाचून विश्वास मेलेला आहे. आणि त्याच ग्रंथात इफिसकरांस पत्र दासांना सांगतं की धन्यांची आज्ञा पाळा. गुलामगिरीच्या प्रश्नावर दोन्ही पक्ष हातात बायबल घेऊनच उभे होते. इंग्लंडात क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी १७८३ मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध संसदेकडे अर्ज केला. खासदार विल्बरफोर्स वगैरे लोकांच्या खटपटीने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद झाला, १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करण्याचा कायदा आला. पण त्याच वेळी बार्बाडोसमध्ये इंग्लंडच्या चर्चच्या एका धर्मप्रसारक संस्थेचा कॉड्रिंग्टन नावाचा उसाचा मळा होता. तिथल्या गुलामांच्या छातीवर एके काळी 'सोसायटी' असा डाग दिला जायचा. १८३३ च्या कायद्याने दोन कोटी पौंड भरपाई दिली, ती मालकांना. गुलामांना छदाम नाही.

म्हणून 'ख्रिस्ती श्रद्धा सुधारणावादी आहे का' हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. ती कुणाच्या हातात आहे ते विचारा. १८३१ मध्ये जमैकात गुलामांचा मोठा उठाव झाला. त्याचा पुढारी सॅम्युएल शार्प स्वतः गुलाम होता आणि बाप्तिस्त मंडळीत डीकन, म्हणजे मंडळीचा सेवक-पदाधिकारी, होता. त्याला फाशी झाली. मळ्याच्या मालकाने वाचलेलं बायबल आणि शार्पने वाचलेलं बायबल, पानं तीच होती.

वाचक_दिगंबर

मीमांसक, धागा केडगावहून निघाला तो जमैकाला पोचला. परतीचं तिकीट काढा :)

जोतीची_लेक

परतीचं तिकीट मी काढते, पुण्याचं.

जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगरला सिंथिया फॅरार बाईंची मुलींची शाळा पाहून आले आणि १८४८ मध्ये भिडेवाड्यात शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे फॅरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंकडे गिरवले. फॅरार बाई १८२७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनतर्फे आल्या, लग्न केलं नाही, १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. आज नगरमध्ये किती जणांना त्यांचं नाव ठाऊक आहे?

पण जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत, हे माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. त्यांनी येशूला बळीराजाच्या रांगेत बसवलं, 'गुलामगिरी'त तसं लिहिलं, ते पुस्तक गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं. आणि देव मात्र आपला निराळा मानला, निर्मिक. रमाबाई ख्रिस्ती झाल्या म्हणून सगळं पुणं तुटून पडलं तेव्हा त्यांची बाजू कुणी घेतली? जोतीरावांनी, १८८५ मध्ये 'सत्सार' काढून. आणि शेवटच्या पुस्तकात त्यांनी एक घर रंगवलं, जिथे बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सार्वजनिक सत्यधर्मी, आणि सगळे एकमेकांवर प्रेम करून एकत्र राहतात.

मृण्मयी, तुमच्या माई माळ घालून कबरीवर फुलं ठेवायच्या. त्या त्याच घरातल्या.

निवृत्त_गणितमास्तर

थोडा विरोधी सूर. आगरकरांना कुठला देव होता? देवाशिवाय त्यांनी बालविवाह, केशवपन, सोवळं यांवर लिहिलं आणि जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिली. माणसाला माणूस म्हणून वागवायला स्वर्गातल्या बापाची सही लागत नाही. सेवेला श्रद्धेची जोड दिली की सेवा घेणाऱ्यावर कृतज्ञतेचं ओझं येतं. विवेकाने केलेल्या कामात ते येत नाही.

मंजिरी_दे

मास्तर, आगरकरांपुढे मीही हात जोडते. पण १८९७ चा प्लेग आठवा. आदल्या वर्षीपासून दुष्काळ होता. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्यावर पडलेल्या, किडलेल्या, विकल्या गेलेल्या शेकडो मुली घेऊन आल्या. त्यांनी स्वतः लहानपणी दुष्काळात आईबाप गमावले होते. पुण्यात प्लेगच्या नियमांमुळे एवढ्या जणींना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या माळावर तंबू ठोकले. तेच मुक्ती सदन. प्लेगच्या छावण्यांमध्ये बायकांचे जे हाल होत होते, त्याबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून सरकारला जाब विचारला. गव्हर्नरने आरोप झटकले. आपल्याच धर्माच्या सरकारशी त्या भांडल्या.

विवेकाने लेख लिहिता येतो. पण खरूज-नायट्याने भरलेल्या, शिव्या देणाऱ्या, चोऱ्या करणाऱ्या शेकडो पोरींबरोबर वर्षानुवर्षं जगायला आणखी काहीतरी लागत असावं. त्यांच्यापुरतं ते काहीतरी म्हणजे येशू होता.

निवृत्त_गणितमास्तर

'त्यांच्यापुरतं' हा शब्द घातलात, म्हणून मला मान्य. वाद संपला असं मात्र नाही.

वसईचो_पोर

सगळे मिशनरी आणि एकोणिसावं शतक यावरच बोलतायत. आमच्या वसईत ख्रिस्ती चारशे-साडेचारशे वर्षांपासून आहेत. पोर्तुगीज १५३४ मध्ये आले, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी त्यांना घालवलं, पण आमचे पूर्वज ख्रिस्तीच राहिले. पोर्तुगीजांनी धर्माच्या नावाखाली जुलूम केला, देवळं पाडली, हे आम्ही नाकारत नाही. त्या काळात श्रद्धा आणि सुधारणा यांची गाठभेट झाली असं मी तरी म्हणणार नाही.

ती झाली आमच्या डोळ्यांसमोर. हरित वसईचं आंदोलन. बिल्डर, टँकर, गुंडगिरी यांच्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो उभे राहिले. व्यासपीठावरून ते बोलायचे तेव्हा समोर वाडवळ, आगरी, कुपारी, मुसलमान सगळे बसलेले असायचे. पाणी आणि झाडं हा धर्माचा प्रश्न आहे असं त्यांच्याकडून ऐकलं. ते २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हाही 'फादर कसे काय' म्हणणारे निघालेच. २०२४ मध्ये ते गेले. तिथे कुणाला बाप्तिस्मा द्यायचा नव्हता. विहिरी खाऱ्या होऊ द्यायच्या नव्हत्या. मृण्मयीच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

कृष्णाकाठ

कृष्णाकाठावर मिरजेचं नाव घ्यावंच लागेल. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे दवाखाना बांधला. आमच्या भागात अजून म्हातारी माणसं कुणी फार आजारी असलं की "मिशनला न्या" म्हणतात. नाव बदललं, डॉक्टर बदलले, तोंडातला शब्द गेला नाही.

आरोग्य_सेतूबंध

मी सार्वजनिक आरोग्यात काम करते, म्हणून जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेलं जोडपं. १९७० मध्ये त्यांनी जामखेडला काम सुरू केलं. डॉक्टर गावात आणण्याऐवजी गावातल्याच बायकांना शिकवायचं, हा विचार. त्यातल्या कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित. त्याच बाया बाळंतपणं करू लागल्या, कुष्ठरोग ओळखू लागल्या, जुलाबाच्या पोराला मीठ-साखरेचं पाणी पाजायला शिकवू लागल्या. हातपंप घ्यायची वेळ आली तेव्हा ते दलित वस्तीत घेतले गेले. पाणी हवं असेल तर तिकडे जा. तिकडे गेलं की भांड्याला भांडं लागतं, आणि मग हळूहळू तोंडाला तोंड. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. पुढे जगभरातून लोक तिथे शिकायला आले.

आरोळे दांपत्य आपली श्रद्धा लपवत नव्हतं. पण त्यांनी गावाला देवाबद्दल काय सांगितलं, हे विचारलं तर गावकरी हातपंपाची गोष्ट सांगतील.

वाचक_दिगंबर

पुन्हा पाणी. शोमरोनी बाईची विहीर, वसईच्या विहिरी, बेथेलची विहीर, जामखेडचा हातपंप. चवदार तळंही आठवलंच. आपल्याकडे सुधारणा पाणवठ्यावरच होते का?

सिंधू_काकू

सगळ्यांचं वाचून झालं. मी सत्तरी ओलांडलेली, टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

लक्ष्मीबाई टिळकांना विसरू नका. नारायणराव १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाईंनी जिवाचा आकांत केला. पुढे त्या नवऱ्याजवळ आल्या, पण सोवळं सोडेनात. वेगळी चूल, वेगळं पाणी. मग एके दिवशी त्यांनीच स्वतःशी विचार केला की जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर माणसांत काही फरक दिसला असता, बैल आणि घोड्यात दिसतो तसा. आणि सोवळं सुटलं. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला. म्हणजे त्यांच्या बाबतीत आधी विटाळ गेला, मग धर्म आला. मंजिरीने रमाबाईंचं सांगितलं त्याच्याशी हे जुळतं.

आणि नारायणराव म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. शेवटी १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरीही सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघंही चालायचे. मिशनमधल्या गोऱ्यांच्या वरचष्म्याला ते कंटाळले होते. आमच्या मंडळीत त्यांची भजनं अजून टाळ-मृदंगावर म्हणतात. मी ती म्हणत म्हाताऱ्या झालेल्यांपैकी एक.

मंजिरी_दे

काकू, किती छान लिहिलंत! हे वरचष्म्याचं रमाबाईंनाही टोचलं होतं. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार वाचण्यासारखा आहे. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला? मला लॅटिन येत नाही, माझ्या लोकांना येत नाही, आमची संस्कृत काय वाईट? चेल्टनहॅमला त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावं असा विचार निघाला तेव्हा बिशपांनी हरकत घेतली, त्यावरही त्या बोलल्या. माझी सद्सद्विवेकबुद्धी मी एका पुरोहितवर्गाकडून सोडवून आणली ती दुसऱ्याच्या हवाली करायला नाही, असा त्या पत्रांचा सूर आहे. मांसाहारही केला नाही.

म्हणून सालोमीची बहीण मला रमाबाईंची वारस वाटते. दोघींनी आधी बाहेरच्या पुरोहिताला विचारलं, मग आतल्यालाही.

सालोमी_ग

मंजिरीताई, हे तिला आत्ता फोन करून वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, नुसती हुंकारली. मग म्हणाली, पाळकबुवा आता थकलेत, दर रविवारी तिचाच नवरा त्यांना गाडीवर देवळात नेतो.

साताऱ्याचा_सदा

विठ्ठल रामजी शिंद्यांचा उल्लेख राहिला. १९०१ ते १९०३ ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले, ते एकेश्वरवादी ख्रिस्ती पंथाचं. परत येऊन प्रार्थना समाजाचं काम केलं आणि १९०६ मध्ये अस्पृश्यतानिवारणासाठी भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढली. इंग्रजी नावात चक्क 'मिशन' शब्द होता. कर्वे काय, शिंदे काय, मिशनऱ्यांचं काम पाहून आपल्या लोकांना वाटलं की हे आपण का करत नाही. ही चुरस चांगली होती, असं माझं मत. मिशनरी नसते तर आपण आणखी पन्नास वर्षं झोपलो असतो.

पेठकर_श्री

सदाभाऊ, 'पन्नास वर्षं झोपलो असतो' हे मला मान्य नाही. लोकहितवादी, दादोबा पांडुरंग, परमहंस सभा, ही जाग आतूनही येत होती. पण चुरस होती हे खरं, आणि त्या चुरशीचा फायदा विधवांना आणि अस्पृश्यांना झाला हेही खरं. रानड्यांबद्दलचं माझं मत मी बदललेलं नाही. दार बंद ठेवायला हवं होतं. फक्त आता मला हेही दिसतं की पालकांनी काढून नेलेल्या त्या मुलींचं पुढे घरी काय झालं, हे कुणीच विचारलं नाही, मीही नाही.

मृण्मयी_

एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री हाच धागा वाचत होते.

काल माईची पेटी उघडली. त्यात ज्ञानेश्वरी होती आणि तिच्याखाली एक जुनं, पाठीचा पुठ्ठा निघालेलं बायबल. पंडिता रमाबाईंनी केलेलं भाषांतर. त्यांनी त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं, केडगावच्या बायकांनीच त्याचे छपाईचे खिळे जुळवले, आणि छापून पुरं झालं १९२४ मध्ये, रमाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा. मी थोडं वाचून पाहिलं. भाषा इतकी साधी की चौथी शिकलेल्या बाईला अडू नये. माई जेमतेम तेवढंच शिकून दवाखान्यात गेली होती.

योहानाचा चौथा अध्याय काढला. पानावर खूण वगैरे काही नव्हती. पण बाकीच्या पानांपेक्षा ते पान कडेला काळं पडलेलं होतं, बोट लागून लागून.

भावाला आणि बहिणीला दोघांनाही रविवारी घरी बोलावलंय. पेटी दाखवणार आहे.

सिंधू_काकू

बोलावलंस ते बरं केलंस. रविवारी काय झालं ते लिही गं.